रेघेवरचा बॉल

सत्तावीस वर्षं मी दोरीचं खालचं टोक धरलं. वरचं टोक माझ्या नवऱ्याच्या, उण्णीनच्या हातात असायचं.

भात कापून झालं की पालघाटकडच्या आमच्या करिंपाडमच्या खाचरात दरवर्षी फुटबॉलची स्पर्धा भरते. सात विरुद्ध सात. बघायला दहा गावं लोटतात. त्यांच्यासाठी गॅलरी बांधायची ती उण्णीननं. पोफळीचे खांब, पोफळी चिरून केलेल्या फळ्या आणि बांधायला सुंभ. खिळा एकही नाही. सुंभ मी वळायचे. ओला सुंभ गाठीला आवळायचा, उन्हानं तो वाळला की गाठ आणखी घट्ट होते. मग हजार माणसं वर नाचली तरी हलत नाही.

सामन्याच्या आदल्या दिवशी, मैदान मोकळं असताना, आम्ही दोरी लावायचो. उण्णीन फळीवर उकिडवा बसायचा आणि दोरी डोळ्यापाशी धरायचा. मी खाली, मैदानाच्या अलीकडच्या रेघेवर बॉल ठेवून त्याच्यावर दुसरं टोक दाबून बसायचे. मधल्या प्रत्येक फळीवर एकेक काठी उभी केलेली असायची, बसलेल्या माणसाच्या डोक्याएवढी आणि वर चार बोटं. ती चार बोटं डोक्याला गुंडाळलेल्या पंचाची. आमची गॅलरी पूर्वेला, तिचं तोंड उतरत्या उन्हाकडे. साडेचारच्या सामन्याला पंचा बांधल्याशिवाय माणूस बसतच नाही. दोरी एकाही काठीला टेकता कामा नये. टेकली की ती फळी सोडायची आणि वर घेऊन पुन्हा बांधायची.

"दिसतोय का?" मी खालून विचारायचे.

"तू दिसतेस. बॉल तुझ्यामागे लपलाय. जरा सरक की."

लांबचा बॉल कुणालाही दिसतो. गॅलरी कशी आहे ते अलीकडच्या रेघेवरचा बॉल सांगतो. विंगवाला तिथूनच पळतो, बॉल बाहेर गेला की नाही याचं भांडण तिथलंच. तो दिसला नाही की माणूस उठून उभा राहतो. एक उभा राहिला की मागचे दहा उभे राहतात. आणि उभी राहिलेली गॅलरी डुलायला लागते. बसलेला माणूस नुसतं वजन असतो, उभा माणूस धक्का असतो, असं उण्णीन म्हणायचा.

त्यानं स्वतः एकही सामना वरून पाहिला नाही. आमच्याकडे रीत अशी आहे की गॅलरी बांधणाऱ्यानं सामनाभर गॅलरीखाली बसायचं. कोयता, लाकडी मोगरी आणि सुंभाचं वेटोळं घेऊन. वर लोक ओरडत असतात आणि हा खाली कान देऊन गाठी ऐकत असतो. सुंभ एकदम तुटत नाही. आधी कुरकुरतो. ते ज्याला ऐकू येतं त्यानं खाली बसायचं.

आणि मी? मी घरी. आमचं परसू मैदानाच्या पश्चिमेला लागून आहे, मधे एक बांध आणि स्पर्धेच्या समितीनं बांधलेला गोणपाटाचा उंच पडदा. मी चुलीपाशी बसून आवाजावरून सामना ओळखायचे. गोल झाला की एक आवाज, हुकला की दुसरा, रेफ्रीनं चूक केली की तिसरा. संध्याकाळी उण्णीन यायचा, त्याला मी विचारायचे, काय झालं? तो म्हणायचा, "मला काय ठाऊक? गाठी सगळ्या बऱ्या होत्या." गावातल्या सगळ्यात मोठ्या खेळाला इतकं लागून राहणारं आणि त्यातलं इतकं कमी बघितलेलं दुसरं जोडपं नसेल.

मला एकदा वर बसायचं होतं. सामना चालू असताना. ज्या रेघेवर मी सत्तावीस वर्षं बॉल धरून बसले, तिथून एखादा विंगवाला पळताना मला वरून बघायचा होता. उण्णीन म्हणायचा, पुढच्या वर्षी. एका आषाढात तापानं तो गेला.

तो गेल्यावरच्या दुसऱ्या वर्षी समितीनं ठरवलं की आता पोफळीची गॅलरी नको. कोइंबतूरहून लोखंडी पाइपांची आणायची. समितीचा अध्यक्ष बापुट्टी हाजी, सगळे हाजियार म्हणतात तो. सौदीत वीस वर्षं काढून आलेला, पांढरीस्वच्छ लुंगी, खिशाला तीन पेनं. स्पर्धेच्या उत्पन्नातून गावच्या वाचनालयावर छप्पर घालायचं होतं, म्हणून जास्त माणसं बसवायची होती. छप्पर मलाही हवंच होतं. पाच वर्षांपूर्वी साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा त्या बिनछपराच्या भिंतींत सावली नव्हती म्हणून तो माझ्या अंगणात भरायचा. अठरा बायका होतो. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होते आणि माझ्या शेजारी बसणारी चिरुता माझ्याहून मोठी. भात कापणाऱ्या टोळीची ती मुकादम, एका कानानं बहिरी. अक्षर नीट आलं नाही की पाटीलाच शिव्या द्यायची.

तर पाइप आले. कंत्राटदार शेल्वम नावाचा, भला माणूस, तोंडात सतत विडा. गॅलरी उभी राहिली तेव्हा मी दोरी घेऊन गेले. पंधरा ओळी, पण एका ओळीहून दुसरी फक्त वीतभर उंच. उण्णीनची हातभर असायची.

"हाजियार," मी म्हटलं, "हे निजलेलं आहे. मागच्याला पुढच्याची मान दिसेल."

"इत्ता, हे गणित करून बांधलंय," हाजियार म्हणाले. आमच्याकडे थोरल्या बहिणीला इत्ता म्हणतात, थोरल्या भावाला इक्का. "कागद आहे. दाखव रे शेल्वम."

शेल्वमनं कागद दाखवला. त्यात माणूस खुर्चीवर बसल्यासारखा पाय खाली सोडून बसला होता. डोकं बोडकं.

"हा कोण?"

"हा म्हणजे कुठलाही माणूस, अम्मा," शेल्वम म्हणाला.

"आमच्या गावचा नाही. आमचा माणूस फळीवर उकिडवा बसतो. पाय खाली सोडून बसायला तो काय लग्नाला आलाय?"

समितीची माणसं हसली. मग हाजियारांनी त्यातल्या नऊ जणांना तीन ओळींत बसवलं आणि मला म्हणाले, "घ्या, विचारा त्यांना." सकाळचे अकरा वाजले होते. ऊन पाठीवर होतं. नऊही जण समितीचे, पोटं सुटलेले, गुडघे दुखणारे. पाय खाली सोडून बसले आणि एकजात म्हणाले, दिसतं.

त्या नऊ जणांनी आयुष्यभर उकिडवं बसून, पंचा बांधून सामने पाहिले होते. पण लोखंडावर बसल्यावर त्यांना वाटलं, आपण आता शहरात आलो. ती चूक कागदातली नव्हती.

"आणि तुमच्यासाठी पण यंदा सोय केली आहे," हाजियार म्हणाले. "बघा, नाव ठेवू नका."

दक्षिणेच्या गोलपोस्टमागे, लाउडस्पीकरच्या मचाणाखाली, दोन बाकं होती. बाजूला ताडपत्री. वर पाटी, ती मी स्वतः वाचली: महिलांसाठी खास व्यवस्था, प्रवेश मोफत.

पहिल्या सामन्याला मी आणि चिरुता जाऊन बसलो. नवी साडी नेसून. समोर गोलची जाळी, जाळीच्या पलीकडे गोलकीपरची पाठ, डावीकडे ताडपत्री, उजवीकडे मचाणाचा खांब.

"काय दिसतंय तुला?" चिरुतानं विचारलं.

"रेफ्रीच्या पोटऱ्या."

"मला त्यापण नाही. मला गोलकीपर दिसतोय. खाजवतोय."

मी दहा मिनिटं बसले. मग उठले. चिरुता म्हणाली, अगं चहा येणार आहे असं म्हणाले. मी म्हटलं, चहा मला घरी दिसतो. बाहेर पडताना हाजियार वाटेत उभे होते. ते म्हणाले, "का इत्ता? मोफत आहे."

"न दिसण्याचे पैसे तुम्ही मागितले असते तर मी नुसती हसले असते. मोफत देताय म्हणून राग येतोय. मी इथं बसणार नाही."

"मग कुठं बसणार?"

"वर."

"पुरुषांत?"

"माझ्या स्वतःच्या गॅलरीवर," मी म्हटलं आणि पडद्यापलीकडचं माझं परसू दाखवलं.

त्याच वेळी पूर्वेच्या लोखंडी गॅलरीवर जे व्हायचं होतं ते झालं. ऊन डोळ्यांवर आलं. हजारभर माणसांनी पंचे बांधले, फळ्यांवर पाय घेतले, कपाळावर आडवे हात धरले. पाचव्या ओळीच्या मागं अलीकडची रेघ कुणालाच दिसेना. "बस खाली, काचेच्या पोटचा आहेस काय!" "तुझा पंचा काढ, मग मी बसतो!" पहिला कॉर्नर मिळाला तेव्हा अख्खी गॅलरी उभी राहिली ती शेवटपर्यंत उभीच. पाइप मोडले नाहीत, शेल्वमचं काम पक्कं होतं. पण लोक मागून उतरून निघाले. अर्ध्या खेळात.

दुसऱ्या दिवशी मी आणि चिरुतानं माझ्या परसातल्या पोफळी पाडल्या. बावीस. उण्णीननं लावलेल्या. पहिल्या पोफळीला कोयता लावताना चिरुता थांबली.

"बिय्यात्तु, नंतर रडत बसशील. सुपारी वर्षाची वर्षाला येते. सामना तासाभराचा."

"मार."

वर्गातल्या अठराजणींतल्या, आम्ही दोघी धरून, चौदा जमलो. दोघी वारल्या होत्या, दोघींच्या घरच्यांनी सोडलं नाही. काथ्या भिजत घातला. मी सुंभ वळला, बाकीच्यांनी खांब पुरले. गाठ मी दाखवली तशी त्यांनी मारली, आणि जिची गाठ सैल ती मी सोडवून तिच्याकडूनच पुन्हा मारून घेतली. आमची जागा पश्चिमेची, ऊन पाठीमागं. पंचाची चार बोटं लागत नव्हती. पण डोक्यावरचा पदर धरून मी दोन बोटं ठेवली. सात ओळी झाल्या, सगळ्यात खालचीही पडद्याच्या वर, मैदानाच्या अगदी मधल्या रेघेसमोर.

दोरी लावायची वेळ आली. बॉल घेऊन बांधापलीकडे रेघेवर चिरुता बसली. मी वर चढले आणि उकिडवी बसले. वरचं टोक पहिल्यांदा माझ्या हातात आलं.

"दिसतोय का?" खालून चिरुता ओरडली.

मला बोलायला जरा वेळ लागला. ती चिडली. "अगं, बहिरी मी आहे ना? दिसतोय का?"

"दिसतोय," मी म्हटलं.

चहाच्या टपरीवर चेष्टा सुरू झाली. बायकांची गॅलरी पडली तर उचलायला कोण जाणार, अशी बोली लागली. दुसऱ्या सामन्याला तेराजणी वर बसल्या, त्यांच्या सुना, लेकी, कडेवरची पोरं धरून साठएक झाल्या. आणि मी?

मी खाली.

गॅलरी बांधली मी, तर खाली बसायचं मीच. कोयता, मोगरी, सुंभाचं वेटोळं. चिरुता म्हणाली, "तू वर जा, मी बसते." पण तिला एका कानानं ऐकू येत नाही, सुंभाची कुरकुर तिला कशी कळायची? बाकीच्यांना गाठ मारता येत होती, ऐकता येत नव्हती; मला सुंभ वळता वळता ते कान आले होते. वर साठ जीव होते. मी खांबाला पाठ लावून बसले आणि ऐकत राहिले. फळ्यांच्या फटींतून मला टाचा दिसत होत्या. गोल झाला तेव्हा साठ बायका जे ओरडल्या, तसा चौथा आवाज करिंपाडमनं कधी ऐकला नव्हता.

"कुणाचा?" मी खालून विचारलं.

कुणी उत्तरच दिलं नाही. सगळ्या बघण्यात गुंतल्या होत्या. मला उण्णीनची इतकी आठवण आली.

तिसऱ्या सामन्याआधी समितीनं आमच्यासमोरचा गोणपाटाचा पडदा उंच केला. हाजियारांनी निरोप पाठवला, तिकिटाशिवाय बघता येणार नाही. मी निरोप पाठवला, तिकीट काढतो, आधी दिसण्याची जागा द्या. आम्ही आणखी चार पोफळी पाडल्या आणि दोन ओळी वर चढवल्या. त्यांनी पडद्याला आणखी एक पट्टा शिवला. आम्ही एक ओळ चढवली. त्यांचा शिंपी कंटाळला. असं आठवडाभर चाललं.

आता पालघाटच्या खिंडीतून आमच्याकडे या दिवसांत जो वारा येतो तो पूर्वेचा. भात उफणायला आम्ही त्याचीच वाट बघतो. हे गावातल्या कुणालाही विचारा. पण हाजियारांचा पडदा पश्चिमेला, त्या वाऱ्याच्या बरोबर तोंडावर, आणि आता दोन माड उंच. चौथ्या सामन्यात वारा सुटला. पडदा आधी शिडासारखा फुगला, मग टराटरा फाटला, आणि त्याचा एक तुकडा उडत येऊन चिरुताच्या अंगावर पडला. तिनं तो घडी करून ठेवला. म्हणाली, भात भरायला होईल.

त्या दिवशी लोखंडी गॅलरीवर माणसं किती होती ते आमच्या बायकांनी वरून मोजलं. आमच्याहून कमी. बाकीचे पुरुष बांधावर येऊन उभे होते आणि आमच्या खालच्या ओळीकडे आशेनं बघत होते. एक जण म्हणाला, "इत्ता, जरा सरकल्या तर..." चिरुता म्हणाली, "तुमच्यासाठी खास व्यवस्था आहे. गोलपोस्टमागे. मोफत."

अंतिम सामन्याला पाच दिवस होते. पुळियंपारा विरुद्ध चेरुकरा. चेरुकराच्या लोकांनी कळवलं होतं की दिसणार नसेल तर आम्ही येत नाही, घरी रेडिओ बरा. त्या दुपारी हाजियार आणि शेल्वम माझ्या अंगणात आले. मी सुंभ वळत होते. उठले नाही. चहा मात्र ठेवला.

"इत्ता," हाजियार म्हणाले, "वाचनालयाचं छप्पर तुम्हालाही हवंय ना?"

"हवंय."

"मग काय करायचं ते सांगा."

"दर दोनांतली एक ओळ काढा. उरलेल्या हातभर उंच करा आणि वर चार बोटं. शेल्वमचे पाइप आहेत, माझा सुंभ आहे. होईल."

"अर्धी माणसं कमी बसतील!" शेल्वमनं विडा गिळला.

"आत्ता किती बसतात?"

त्यानं हाजियारांकडे बघितलं. मग हाजियार म्हणाले, "बरं. आणि?"

"पडदा पुन्हा बांधायचा नाही. आमची गॅलरी आहे तिथं, मधल्या रेघेसमोर राहील. आम्ही तिकीट काढू, पुरुषांइतकंच. गोलपोस्टमागची पाटी मी स्वतः उतरवणार."

"उतरवा. झालं?"

"नाही. अंतिम सामन्याला मी वर बसणार आहे."

"बसा की! कोण अडवतंय?"

"खाली कोण बसणार?"

हाजियारांना कळायला क्षणभर लागला. मग ते हसले. "कुणीतरी बसेल. एखादा पोरगा बसवू."

"पोरग्याला गाठ ऐकू येत नाही. बापुट्टी, सौदीला जायच्या आधी सहा वर्षं तू उण्णीनबरोबर खांब पुरत होतास. त्यानं तुला खाली बसवून ऐकायला शिकवलं. करिंपाडममध्ये आता सुंभ ऐकता येणारी दोनच माणसं आहेत. एक मी आणि एक तू. की कान तिकडेच ठेवून आलास?"

वीस वर्षांत त्यांना कुणी नुसतं बापुट्टी म्हटलं नव्हतं. शेल्वम चहात बघायला लागला.

"मी समितीचा अध्यक्ष आहे," हाजियार म्हणाले. "पाहुणे येणार. मंत्र्याचा माणूस येणार. मला खुर्चीत बसायचंय, बक्षीस द्यायचंय."

"सामना संपल्यावर दे. अंग झटकून."

"आणि नाही बसलो तर?"

"तर मी खाली बसेन. नेहमीसारखी. साठ बायकांचे जीव मी माझ्या हौसेपायी टांगणार नाही, हे तुला माहीत आहे. पण मग लोखंडी गॅलरीला सुंभ माझा मिळणार नाही. बाजारातला नायलॉन आण. ओला बांध, वाळू दे, बघ आवळतो का."

ते उठून गेले. चहा तसाच राहिला. मला वाटलं, संपलं. रात्रभर नाही, पण बराच वेळ मी त्या अर्ध्या वळलेल्या सुंभाकडे बघत बसले. सकाळी शेल्वम एकटाच आला आणि म्हणाला, "अम्मा, ओळी काढायला सुरुवात केली. सुंभ किती लागेल?"

"आणि हाजियार?"

"त्यांनी विचारलंय, उण्णीनइक्कांची मोगरी अजून आहे का."

चार दिवस आम्ही दोन्ही गॅलऱ्या सारख्या केल्या. लोखंडी गॅलरीवर मी दोरी लावली. काठ्यांच्या टोकांना खरे पंचे गुंडाळले, शेल्वमला उकिडवं बसायला शिकवलं. तो दोनदा मागं कलंडला. तिसऱ्यांदा जमलं आणि दोरीच्या टोकाशी डोळा नेऊन तो म्हणाला, "अय्यो, बॉल!" जणू तो त्याच्याच बापानं तिथं ठेवला होता.

अंतिम सामन्याला असरची, उतरत्या दुपारची, नमाज आटोपून लोक आले ते येतच राहिले. चेरुकराचे तीन ट्रक आले. पूर्वेला सात ओळी गच्च, पंचे बांधलेले, सगळे बसलेले. उभं राहायला कुणाला कारणच नव्हतं. पश्चिमेला आम्ही. रांगेत उभं राहून काढलेली तिकिटं पदराला बांधलेली.

हाजियार आले. पांढरी लुंगी बदलून निळी, जुनी. खिशातली पेनं काढलेली. टपरीवरचे दोघंतिघं बघत होते. एक म्हणाला, "काय हाजियार, खास व्यवस्था?" त्यांनी त्याच्याकडे बघितलं नाही. वाकून फळ्यांखाली शिरले. मी मोगरी दिली, कोयता दिला, सुंभाचं वेटोळं दिलं.

"तिसऱ्या खांबाची डावी गाठ नवी आहे," मी म्हटलं. "तिच्याकडे कान ठेव."

"मला शिकवू नका," ते म्हणाले आणि खांबाला पाठ लावून बसले. बसण्याची पद्धत उण्णीनचीच होती. डावा हात खांबावर पालथा.

मी वर चढले. चौथ्या ओळीत चिरुतानं जागा धरली होती, तो गोणपाटाचा तुकडा अंथरून.

खेळ सुरू झाला. त्याबद्दल मी फार सांगणार नाही, तुम्ही पुष्कळ सामने पाहिले असतील. मी बावन्न वर्षांची होते आणि पहिलाच बघत होते. मला इतकंच कळलं की आवाजावरून मी जे सामने बघत आले होते त्यांत माणसं कधी धापा टाकत नव्हती. खरी माणसं धापा टाकतात. पडतात, उठतात, एकमेकांना शिव्या देऊन लगेच हात देतात.

दुसऱ्या हाफमध्ये चेरुकराचा विंगवाला, मानू म्हणून बारका, काळाभोर पोरगा, बॉल घेऊन अलीकडच्या रेघेवर आला. आमच्या बाजूच्या रेघेवर. दोरी लावताना चिरुता जिथं बॉल घेऊन बसली होती, बरोबर तिथून निघाला. बॉल रेघेच्या आत होता. अर्धा चुन्यावर, अर्धा गवतावर, पण आत. झेंडेवाल्यानं झेंडा वर केला, बाहेर गेला म्हणून. समोरच्या गॅलरीला आत की बाहेर ते कळणं शक्य नव्हतं, ती लांबची. पण आम्हाला दिसलं होतं. मी उठले नाही. उठायची गरज नव्हती. बसल्या जागेवरून मी आणि साठ बायका एका दमात ओरडलो, "आत!" झेंडेवाला दचकला. त्यानं मागं वळून बघितलं, वरपासून खालपर्यंत. हळूच झेंडा खाली घेतला.

मानू पळत राहिला. कॉर्नरपाशी जाऊन त्यानं बॉल आत मारला, आणि मग तो आवाज झाला. दोन्ही गॅलऱ्यांचा एकदम. माझ्याखालची फळी थरथरली आणि बसली. गाठी बऱ्या होत्या.

फळ्यांच्या फटीतून आवाज आला. "कुणाचा? इत्ता, कुणाचा गोल?"

चिरुतानं मला कोपरानं ढोसलं. मी बघत होते. मानू पुन्हा मधल्या रेघेकडे चालत येत होता, तोंड पुसत, आणि बॉल अलीकडच्या रेघेवर जसा ठेवावा तसा स्वच्छ दिसत होता.

"बिय्यात्तु इत्ता! अहो, सांगा तरी!"

"गाठी ऐक, बापुट्टी," मी म्हटलं. "संध्याकाळी सांगते."